तीन कॅन कमी

३ फेब्रुवारी

मामा,

चाळीस कॅन भरायला हवेत तिथे सदतीसच का भरतात, आणि तेही फक्त दुपारच्या पाळीत? तीन आठवडे हा प्रश्न डोक्यात घेऊन फिरते आहे आणि खरं सांगायचं तर मला उत्तर येत नाही. कारखान्यात हे वाक्य मोठ्याने बोलायची सोय नाही, कारण माझ्या टेबलावर ‘गुणवत्ता तपासनीस’ अशी पाटी आहे. म्हणून तुला लिहिते. तुझ्या कानांनी संप पुकारल्यापासून फोनचा उपयोग नाही. मामी मध्ये बसली की कॅन राहतात बाजूला आणि मी नीट जेवते का याची चौकशी सुरू होते.

तू तीस वर्षं रंगाच्या कारखान्यात मिश्रणं केलीस. आमचंही तसंच आहे, फक्त रंगाऐवजी पिकांच्या पानांवर फवारायचं द्रवखत. उभी स्टीलची टाकी, आत ढवळणारं पातं, वर पाण्याचा पाइप. आधी सहाशे लिटर पाणी, मग मोजून ठेवलेली पावडरची पोती, मग चिकट द्रव, आणि शेवटी पंपाने गाळणीतून वीस-वीस लिटरचे कॅन. अशा एका खेपेला इथे घाणा म्हणतात. सकाळचा घाणा सुरेख उतरतो. दुपारचा दाट होतो, गाळणीत वाळूसारखे कण अडकतात आणि कॅन तीन कमी.

सकाळी ‘खांब’ असतो. सव्वासहा फूट उंच, त्यामुळे नाव कुणी ठेवलं हे विचारायला नको. दुपारी बटणकाका. वय पंचावन्न, उंची माझ्या कानापर्यंत. काम बटणं दाबायचं आणि आकारही तसाच. पगाराच्या यादीतल्या नावाने हाक मारली तर ते वळूनही बघत नाहीत. एकोणीस वर्षं इथे आहेत. रिकाम्या कॅनवर चढून टाकीत डोकावायचे, एकदा घसरून थोडक्यात वाचले. जानेवारीच्या सुरुवातीला मी इथे स्वतःहून पहिलं काम केलं ते हे, की त्यांच्यासाठी टाकीला एक पायरी जोडून घेतली. कठडा, खरखरीत पत्रा, सगळं व्यवस्थित. ते म्हणाले, “बाई, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मला कुणीतरी वर चढवलं.” मी दिवसभर हवेत होते.

आई शेजारणींना सांगते की आमची पोरगी औषधं बनवते. परवा एकीने खोकल्यावर काही आहे का म्हणून विचारलं. बाबांनी माझं पदवीपत्र शिलाई मशीनच्या खणात ठेवलं आहे आणि हात धुतल्याशिवाय ते कुणाला दाखवत नाहीत. घरातली पहिली पदवीधर, आणि तिला तीन कॅन सापडत नाहीत.

सांग, कुठून सुरुवात करू?

तुझी भाची


७ फेब्रुवारी

तपासनीसबाई,

पत्र दोनदा वाचलं. एकदा माझ्यासाठी आणि एकदा मामीला ऐकवायला. मामीचा निरोप आहे, नीट जेव.

आता कामाचं. मिश्रण बिघडलं की माणसं आधी मालाला शिव्या घालतात, मग यंत्राला, आणि शेवटी एकमेकांना. तू उलटसुलट करू नकोस, एक एक गोष्ट बाजूला काढत जा.

काचेच्या बरणीत छोटा घाणा कर. तेच पाणी, तीच पावडर, तेच प्रमाण. बरणीतही कण राहिले तर माल खराब. बरणी स्वच्छ निघाली तर माल निर्दोष, दोष टाकीकडे.

कॅन भरताना फेस येतो का बघ. येत असेल तर पंप जिथून ओढतो त्या बाजूला कुठेतरी हवा शिरते आहे. एकेका जोडावर ओला फडका गच्च गुंडाळ. ज्या जोडावर फेस थांबेल तिथे चोर.

गाळणी रोज धुतात का, पावडर पडताना पातं फिरत असतं का, हे कुणाला विचारू नकोस. स्वतः उभी राहून बघ. विचारलं की माणूस बरोबर उत्तर देतो आणि काम नेहमीसारखंच करतो. मीही तेच करायचो.

आणि सगळ्यात आधी हे आठव, की बिघाड सुरू झाला त्याच्या आसपास तुमच्याकडे काय बदललं? तीस वर्षांत मी एकही यंत्र उगाच रुसलेलं पाहिलं नाही. काहीतरी बदललेलं असतं, आणि ज्याने बदललं त्याला ते आठवत नसतं.

उत्तर येत नाही हे कबूल केलंस ते बरं केलंस. मला असं लिहायला धीर झाला नसता, आणि मला तर पदवीही नव्हती.

मामा


१२ फेब्रुवारी

मामा,

तुझा फडका कामाला आला. पंपाच्या आधीच्या दुसऱ्या जोडावर गुंडाळला आणि फेस बसला. पट्टी सैल होती. खांबाने ती आवळली आणि सगळ्यांना सांगितलं की बाईंच्या मामाने पोस्टाने पंप दुरुस्त केला. आता कॅन कसे काठोकाठ, बिनफेसाचे भरतात. फक्त भरतात सदतीसच.

बरणीतला घाणा आरशासारखा स्वच्छ. माल निर्दोष. गाळणी रोज धुतात. पावडर पडताना पातं फिरत असतं. तीन दुपारी मी बटणकाकांच्या शेजारी उभी राहिले. ते पोती मोजूनच टाकतात आणि पाण्याचं बटण दाबून पायरीवर चढले की तिथून हलतही नाहीत, शेवटच्या थेंबापर्यंत आत बघत असतात. पाणीही बरोबर आहे. यंत्रातून छापून निघणारा कागद रोज सहाशे दाखवतो, सकाळीही आणि दुपारीही. आणि बिघाडाच्या आसपास काही बदललेलं मला आठवत नाही.

मग उरतं काय? मागच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नव्हती, ती लिहिते. मॅनेजर साहेबांना उत्तर सापडलं आहे असं त्यांना वाटतं. सोमवारी पाळी सुटताना सगळ्यांसमोर ते म्हणाले, “रोज बरोबर तीन कॅन. बटणची सायकल बघा.” सायकलच्या पिशवीत जेवणाचा डबा आणि मोडकी छत्री निघाली. तीन कॅन सायकलवर नेऊन दाखवा म्हणावं, पण कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

महिनाअखेर मला अहवाल द्यायचा आहे. त्यात ‘कारण’ असा एक रकाना आहे आणि तिथे साहेबांना नाव हवं आहे. नाव आलं की त्या माणसाची नोकरी गेली. माझे उमेदवारीचे सहा महिनेही त्याच दिवशी संपतात, कायम करायचं की नाही ते साहेबांच्याच सहीवर.

चोरी मला पटत नाही. पण वय झालं की लक्ष कमी होतं, असं होऊ शकतं ना? एखादं पोतं जास्त पडत असेल. मी तसंच, जरा सौम्य शब्दांत लिहावं का?

तुझी भाची


१५ फेब्रुवारी

पोरी,

नको.

एखादं पोतं जास्त पडलं तर घाणा दाट होईल, पण कॅन कमी कसे होतील? टाकीत वाढवल्याने कमी होणारं मिश्रण अजून मी पाहिलेलं नाही. हे तुला कळत नाही असं नाही. तुला घाई झाली आहे.

चोर इतका शिस्तीचा नसतो. कधी दोन नेईल, कधी पाच, आणि एखाद्या दिवशी दात दुखतो म्हणून काहीच नेणार नाही. जे रोज तितकंच कमी पडतं त्याच्यामागे एखादं वजन असतं किंवा माप. तीन कॅन म्हणजे साठ लिटर, म्हणजे साधारण साठ किलो. तुमच्याकडे साठ किलोचं काय आहे ते शोध. आणि पाणी मोजतं कोण, ते मला नीट लिही. आमच्याकडे खुणा केलेली काठी बुडवायचो. तुमच्याकडे काय आहे?

दुसरं. तुझ्या दोन्ही पत्रांत बटण कसा दिसतो, कुठे उभा राहतो, पोती कशी टाकतो, सगळं आलं. तो काय म्हणतो ते एकदाही आलं नाही.

आता एक गोष्ट. आमच्याकडे एकदा निळ्या रंगाचा अख्खा घाणा हिरवट निघाला. रंग घोटणाऱ्या माणसावर नाव आलं. खरं म्हणजे एक व्हॉल्व्ह गळत होता आणि आधीचा पिवळा निळ्यात उतरत होता. हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. मी व्हॉल्व्ह गुपचूप बदलला आणि गप्प राहिलो, कारण तो बसवलाही मीच होता. त्या माणसाला गेटवर बसवलं. अकरा वर्षं तो मला रोज सकाळी उठून नमस्कार करायचा. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

हे मामीला माहीत नाही. आईला वाचून दाखवू नकोस, तिच्याकडून इकडे पोचायला दोन दिवस पुरतात.

मामा


१९ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र कारखान्यातच उघडलं आणि मग अर्धा तास कुणाच्या नजरेला नजर दिली नाही.

बटणकाका काय म्हणतात ते मी लिहिलं नव्हतं, कारण ते लिहिलं असतं तर मी काय म्हणाले तेही लिहावं लागलं असतं. टाकीच्या आत दोन पत्र्यांच्या जोडाची एक आडवी रेघ आहे. यंत्र यायच्या आधी ते त्या रेघेपर्यंत पाणी भरायचे. ते मला दोनदा म्हणाले, “बाई, पाणी रेघेला टेकत नाही. चार बोटं खाली राहतं.” दोन्ही वेळा मी त्यांना छापलेला कागद दाखवला. “काका, सहाशे म्हणजे सहाशे. डोळा चुकतो, यंत्र नाही.” दुसऱ्या वेळी ते म्हणाले, “असेल बाई. कागद तुमचा आहे.” मला वाटलं, पटलं त्यांना.

आता पाणी मोजतं कोण. टाकी स्वतःच. तिच्या तिन्ही पायांखाली वजन घेणाऱ्या चकत्या आहेत. बटण दाबलं की आकडा शून्यावर येतो, पाणी पडू लागतं, सहाशे किलो झाले की आपोआप बंद. मग पुढच्या वस्तूसाठी परत शून्य. आकडे टाकीच्या पलीकडच्या बाजूला, भिंतीवरच्या स्क्रीनवर दिसतात.

साठ किलोचं काही सापडलं नाही. पोतं पंचवीसचं, पिंप दोनशेचं. खांबाला विचारलं तर म्हणाला, “बाई, तुम्हीच असाल साठच्या.” मी पंचावन्न आहे, मामीला सांग, नीट जेवते.

उद्या बटणकाका दाढ काढायला रजेवर आहेत. त्यांच्या जागी भांडारवाले दादा. उद्या चाळीस कॅन भरले तर मी काय करू, हे मला माहीत नाही. भरू नयेत असं वाटतं आहे. तपासनीसाला असं वाटणं बरोबर नाही.

तुझी भाची


२२ फेब्रुवारी

पोरी,

घाईत लिहितो, पोस्टाची पेटी उघडायची वेळ झाली आहे.

टाकी तीन पायांवर तोललेली आहे म्हणतेस. मग तुझं पहिलं पत्र आठव आणि त्या टाकीला तू काय जोडून घेतलंस ते बघ. मी आज चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पायरी टाकीला जोडलेली, तिच्यावर माणूस उभा, आणि टाकी त्यालाही पाणी समजते. बटणचं वजन किती?

तू चूक केलीस ती चांगल्या मनाने केलीस. आता माझं ऐक. अहवालात ‘यांत्रिक बिघाड’ लिही आणि मोकळी हो. बटणवर नाव येणार नाही, तुझ्यावरही नाही. मी गेटवाल्याची गोष्ट सांगितली म्हणून हातात तलवार घेऊन निघू नकोस. त्या वेळी माझी नोकरी पक्की होती आणि तरी मला धीर झाला नाही. तुझी तर कच्ची आहे. बाबांच्या त्या खणाकडे बघ एकदा.

अहवाल देण्याआधी मला लिही. तोवर थांब.

मामा


२६ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र आज सकाळी आलं. जे तू चष्मा पुसून पाहिलंस ते मला वीस तारखेला दिसलं, तेही भांडारवाल्या दादांच्या कृपेने.

मी त्या दिवशी स्क्रीनजवळ उभी होते. बटणकाकांच्या वेळी मी माणसावर नजर ठेवत होते म्हणून टाकीच्या अलीकडे उभी राहायचे. स्क्रीन पलीकडे. पाणी पडत होतं, आकडा चारशे दहापर्यंत आला आणि एकदम पाचशे एक झाला. मी वाकून बघितलं तर दादा नुकतेच पायरीवर चढले होते. मी म्हटलं, दादा, जरा उतरा. आकडा खाली. दादा, जरा चढा. आकडा वर. चार वेळा झाल्यावर ते म्हणाले, “बाई, मी पंप आहे का?” त्या दिवशी साडेचार कॅन कमी भरले. पोती तोलायच्या काट्यावर दादा एक्याण्णव किलो.

दुसऱ्या दिवशी गाल सुजलेले बटणकाका आले. त्यांना काट्यावर उभं केलं. अठ्ठावन्न. मी सगळं सांगितलं. सकाळी का चुकत नव्हतं, तर खांबाला पायरी लागतच नाही, तो जमिनीवरूनच आत बघतो. काकांनी पायरीवर एक पाय ठेवून बघितला. मग सुजलेल्या गालातून म्हणाले, “म्हणजे तीन कॅन मीच नेत होतो, तेही उभ्या उभ्या.” दादा म्हणाले, “मी एका दिवसात साडेचार नेले, माझी सायकल नाही तपासली कुणी.” सगळे हसले. मी हसले आणि मग मला हसवेना.

कारण बघ, ते पायरीवर का उभे राहायचे? पाणी कमी पडतं आहे असं त्यांना दिसत होतं आणि कुणी ऐकत नव्हतं, म्हणून डोळ्यात तेल घालून बघत होते. जितकं नीट बघायचे तितकं कमी पडायचं. पायरी मी दिली आणि बोलणं मी थांबवलं.

चोवीस तारखेला साहेबांना दाखवलं. ते स्वतः पायरीवर चढले, उतरले, परत चढले. मग तुझंच वाक्य म्हणाले. “‘यांत्रिक बिघाड’ लिहा. पायरी कापून टाका. विषय संपला.” मी म्हटलं, “साहेब, सायकल सगळ्यांसमोर तपासली होती.” ते म्हणाले, “तुमचं कायम व्हायचं पत्र माझ्याच टेबलावर आहे, ठाऊक आहे ना?” आवाज चढा नव्हता. बहुतेक माझ्या भल्यासाठीच म्हणाले. मी म्हटलं, ठाऊक आहे.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते काजं करत होते. सुई थांबवून त्यांनी विचारलं, “माप चुकलं तर गिऱ्हाईकाला आम्ही काय सांगतो? कापड आटलं म्हणून?” आणि परत काजं करू लागले. मामा, तू म्हणालास खणाकडे बघ. मी बघितलं. पदवीपत्रावर माझं नाव छापलेलं आहे, तेच कुठेतरी लपवायचं असेल तर ते मिळवायला एवढी वर्षं कशाला घालवली, असं वाटलं.

यंत्र दोषी नव्हतं. त्याच्यावर जितकं वजन होतं तितकं ते बरोबर सांगत होतं. यांत्रिक बिघाड लिहिला असता तर सगळ्यांना वाटलं असतं की बटणला कुणीतरी वाचवलं. सायकलची पिशवी त्यांच्या मागे कायम राहिली असती.

तेव्हा तू थांब म्हणालास, पण तुझं पत्र पोचायच्या आत हे होऊन गेलं. पायरी मंगळवारीच टाकीपासून कापली. तिला स्वतःचे चार पाय लावले आणि जमिनीवर उभी केली. टाकीत आणि तिच्यात दोन बोटांचं अंतर आहे. आतल्या रेघेवर काकांनी स्वतःच्या हाताने लाल पट्टा ओढला. आता पाणी रेघेला टेकलं आणि कागदावरही सहाशे आलं, तरच पावडर पडते. दोघांपैकी एक जरी ‘नाही’ म्हणाला तरी घाणा थांबतो. काल आणि आज दुपारी चाळीस कॅन भरले. खांबाने चाळिसाव्या कॅनला हार घालायचं म्हटलं, दादा म्हणाले, आधी विकला जाऊ दे.

आणि अहवाल. काल पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांची माणसं जमतात, तेव्हा मी तो मोठ्याने वाचला. पायरी माझ्या सांगण्यावरून टाकीला जोडली गेली. टाकी तोलकाट्यावर आहे हे मला माहीत असूनही माझ्या लक्षात आलं नाही. चालकाने पाणी कमी असल्याचं मला दोनदा सांगितलं आणि मी ते मानलं नाही. वाचून झाल्यावर बटणकाकांनी हात वर केला.

“बाई, एक चूक आहे.”

मी म्हटलं, सांगा.

“दोनदा लिहिलंय तुम्ही. तीनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा तुम्ही डबा खात होता, मान हलवलीत.”

मी पेन काढलं, ‘दोनदा’वर रेघ मारली, वर ‘तीनदा’ लिहिलं आणि बाजूला सही केली. मग साहेबांच्या खोलीत जाऊन कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी अजून काही कळवलेलं नाही. ‘कारण’ या रकान्यात माझं पूर्ण नाव आहे.

तुझी भाची